पेशीचे अंगण

नऊ वर्षांचा मुलगा आईबरोबर अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत आला होता. दोन्ही गुडघ्यांजवळ हाताला टणक लागणारे उंचवटे, एक मनगटाजवळ. दुखत काहीच नव्हते. सायकल चालवताना गुडघ्याच्या आतल्या बाजूची गाठ दांडीला घासते, एवढीच त्याची तक्रार. आईची काळजी मात्र मोठी होती.

‘‘डॉक्टर, आधी वाटलं पडल्यामुळे सूज आली असेल. मग सासूबाई म्हणाल्या, दूध जास्त झालं म्हणून हाड वाढलं. सहा महिने झाले, याचं दूध बंद केलंय.’’

डॉक्टरांनी मुलाचे गुडघे, मनगटे, खांदे चाचपून पाहिले. एक्स-रे उजेडासमोर धरला. मग विचारले, ‘‘ताई, घरात आणखी कुणाला असं आहे का?’’

‘‘नाही हो, कुणालाच नाही.’’

तेवढ्यात केसपेपर घेऊन वडील आत आले. डॉक्टरांनी त्यांना शर्टाची बाही वर करायला सांगितली. कोपराखाली हात किंचित वाकलेला होता आणि मनगटाजवळ तसाच टणक उंचवटा. ‘‘हे तर माझं लहानपणापासूनच आहे. कधी दुखलं नाही, म्हणून कुणाला दाखवलं नाही,’’ ते म्हणाले.

निदान तिथेच जवळजवळ पक्के झाले. या आजाराला ‘हेरेडिटरी मल्टिपल एक्झोस्टोसिस’ म्हणतात. सोप्या भाषेत, घराण्यातून येणारे हाडांचे अनेक उंचवटे. साधारण ५० हजारांत एकाला तो असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, फरक पडत नाही.

दुधाचा या आजाराशी काही संबंध नाही. गंमत अशी, की इतक्या टणक हाडाच्या गाठीमागचे मूळ कारण कॅल्शियममध्ये नाही. ते आहे पेशीच्या पृष्ठभागावर लोंबणाऱ्या, साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या साखरेच्या एका साखळीत. गर्भातील बाळाचे अवयव घडवण्यापासून डेंग्यूच्या रुग्णाचा रक्तदाब ढासळण्यापर्यंत अनेक घटनांमध्ये अशाच साखळ्यांचा हात असतो. म्हणून त्यांची ओळख करून घ्यायला हवी.

गुळगुळीत नसलेली पेशी

शाळेच्या पुस्तकातले पेशीचे चित्र सर्वांना आठवते. एक गोल, मध्ये केंद्रक आणि भोवती पातळ पटल. प्रत्यक्षात पेशी इतकी गुळगुळीत नसते. तिच्या पटलावर बाहेरच्या बाजूने दाट लव असते. उतींचे काप घेऊन ते तपासण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ही नाजूक लव कोलमडून जाते, त्यामुळे ती बराच काळ दुर्लक्षित राहिली. १९६६ मध्ये लुफ्ट या शास्त्रज्ञांनी रुथेनियम रेड हा रंग वापरून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर हा थर दाखवून दिला. या थराला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. ग्रीक शब्दांवरून अर्थ लावायचा, तर गोड टरफल.

या लवेतला महत्त्वाचा घटक म्हणजे प्रोटिओग्लायकन. नावातच त्याची घडण आहे. ‘प्रोटीन’ म्हणजे प्रथिन आणि ‘ग्लायकन’ म्हणजे शर्करेची साखळी. जत्रेतल्या काठीला लांब फिती बांधलेल्या असाव्यात, तसे याचे रूप. मधली काठी प्रथिनाची आणि तिला जोडलेल्या फिती साखरेच्या. ही साखर चहात घालायची नव्हे. वेगळ्या प्रकारच्या शर्करेचे शेकडो मणी एकापुढे एक ओवून ही फीत तयार होते. तिच्यावर ठिकठिकाणी गंधकयुक्त सल्फेटचे गट असतात आणि त्यांच्यामुळे साखळीवर भरपूर ऋण विद्युतभार येतो. धन भार असलेली प्रथिने तिच्याकडे ओढली जाऊन अडकतात.

या फितींचे काही प्रकार आहेत. पेशीच्या पृष्ठभागावर सर्वांत महत्त्वाची फीत हेपरान सल्फेटची. दुसरी कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची. सल्फेटचे गट कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने बसणार, हे प्रत्येक अवयवात निराळे असते. सूत एकच, पण साडीचा काठ गावागणिक वेगळा, तसेच काहीसे. यकृतातील पेशीवरचे हेपरान सल्फेट आणि त्वचेतील पेशीवरचे हेपरान सल्फेट एकसारखे नसते. या फरकाचा फायदा कोण घेते, ते पुढे येईलच.

पेशीच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट मिरवणारी दोन मुख्य घराणी आहेत. पहिले सिंडेकन. यात माणसाच्या शरीरात चार सदस्य आहेत. त्यांची प्रथिनाची काठी पटलातून आरपार आत जाते, म्हणजे बाहेर काही घडले तर आत सुगावा लागतो. ‘एकत्र बांधणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १९८९ मध्ये हे नाव दिले गेले. दुसरे घराणे ग्लिपिकन. त्याचे सहा सदस्य. ते पटलाच्या आरपार जात नाहीत, स्निग्ध पदार्थाच्या नांगराने बाहेरच्या बाजूला अडकून राहतात.

जुन्या घरांमध्ये आलेला माणूस थेट माजघरात शिरत नसे. आधी अंगण, मग ओटी, मग आत. पोस्टमन, पाहुणा, बोहारीण, कधी एखादा चोर, सगळ्यांची पहिली गाठ अंगणाशीच. प्रोटिओग्लायकनचा हा थर म्हणजे पेशीचे अंगण. शरीरातले बहुतेक निरोप आधी इथे थांबतात आणि मग दारावरच्या घंटीपर्यंत, म्हणजे ग्राहकप्रथिनापर्यंत पोहोचतात.

रुग्णालयातला ओळखीचा नातेवाईक

हेपरान सल्फेट हे नाव नवे वाटले, तरी त्याचा सख्खा भाऊ प्रत्येक रुग्णालयात रोज वापरला जातो. तो म्हणजे हेपारिन. डायलिसिसच्या यंत्रात रक्त गोठू नये म्हणून, हृदयविकाराच्या झटक्यात किंवा पायातल्या शिरेत गुठळी झाल्यावर हेच इंजेक्शन दिले जाते. १९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारे पदार्थ शोधत होता. हाती लागला तो नेमका उलट गुणधर्माचा पदार्थ. पुढे त्याच प्रयोगशाळेत कुत्र्याच्या यकृतातून असा पदार्थ काढला गेला आणि यकृताच्या ग्रीक नावावरून त्याला ‘हेपारिन’ म्हटले गेले. आज औषधी हेपारिन प्रामुख्याने डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून मिळवतात.

हेपारिन आणि हेपरान सल्फेट यांची साखळी मुळात एकाच घडणीची. हेपारिनवर सल्फेटची गर्दी फार, हेपरान सल्फेटवर ती टप्प्याटप्प्याने. हेपारिन रक्तातल्या एका प्रथिनाला पकडते आणि गोठण्याची क्रिया थांबवते. थोडक्यात, योग्य प्रथिनाला धरून ठेवणे हेच या साखळ्यांचे काम. औषधाच्या बाटलीत हे घडते, तेच पेशीच्या अंगणातही घडते. फरक इतकाच, की तिथे धरलेली प्रथिने गुठळ्यांशी नव्हे, तर शरीराच्या घडणीशी संबंधित असतात.

निरोप पोहोचला, पण किती दूर?

गर्भाची वाढ म्हणजे पेशींमधला अखंड संवाद. इथे बोट व्हायचे, इथे दोन बोटांमधली जागा. इथे हाड लांबवायचे, इथे थांबायचे. काही पेशी निरोपाची प्रथिने सोडतात आणि आसपासच्या पेशी ती वाचतात. जवळच्या पेशींना निरोप जास्त मिळतो, लांबच्यांना कमी. या कमी-जास्त प्रमाणावरूनच पेशीला आपण नेमके कुठे आहोत ते कळते आणि त्याप्रमाणे ती स्वतःला घडवते.

ही प्रथिने पाण्यात रंग पसरावा तशी आपोआप पसरत असतील, असा समज पूर्वी होता. १९९१ मध्ये त्याला धक्का बसला. पेशींची वाढ घडवणारे ‘एफजीएफ’ नावाचे एक महत्त्वाचे निरोप-प्रथिन, हेपरान सल्फेट नसेल तर आपल्या ग्राहकाला नीट जोडलेच जात नाही, असे प्रयोगांत दिसले. पोस्टमन आला, घंटीही आहे, पण अंगणच नसल्याने तो दारापर्यंत पोहोचत नाही.

पुढचा धागा सापडला तो पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या इवल्याशा फळमाशीत. या माशीच्या अळ्यांवर क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी केलेल्या कामाला १९९५ चे नोबेल मिळाले. त्यांनी शोधलेल्या जनुकांपैकी एकाचे नाव ‘हेजहॉग’. त्यात बिघाड झाला, की अळीच्या अंगावर काटेरी केसांची दाटी होते, म्हणून काटेरी अंगाच्या प्राण्याचे हे नाव. हेजहॉगची भावंडे माणसातही आहेत. बोटांची संख्या, मेंदूचे दोन भाग आणि हाडांची लांबी ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

१९९८ मध्ये फळमाशीतल्याच एका नव्या जनुकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘तू-व्हेल्यू’. फ्रेंच भाषेत याचा अर्थ ‘अंगभर केसाळ’. हे जनुक बिघडलेल्या माशीत हेजहॉगचा निरोप तयार होत होता, पण शेजारच्या पेशींपर्यंत पुढे सरकत नव्हता. शास्त्रज्ञांनी या जनुकाची माणसातल्या जनुकांशी तुलना केली, तेव्हा ते एका ओळखीच्या जनुकाशी जुळले. ते होते ईएक्सटी-१. १९९५ मध्ये हाडांवर उंचवटे येणाऱ्या कुटुंबांच्या अभ्यासातूनच ते सापडले होते, पण त्याचे काम काय, हे तोवर कळलेले नव्हते. त्याच वर्षी, १९९८ मध्येच, स्वतंत्र जीवरासायनिक संशोधनातूनही उत्तर आले. ईएक्सटी-१ आणि त्याचे भावंड ईएक्सटी-२ ही जनुके हेपरान सल्फेटचे मणी ओवणारी विकरे तयार करतात.

माशीच्या पंखापासून सुरू झालेला माग असा थेट माणसाच्या गुडघ्यापर्यंत येऊन पोहोचला.

गुडघ्याजवळ गाठ का?

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते. उंची वाढते ती तिच्यामुळे. या पट्टीतल्या पेशी शिस्तीने रांगेत उभ्या असतात, वाढतात, फुगतात आणि शेवटी त्यांच्या जागी हाड तयार होते. वाढ कोणत्या दिशेने आणि किती काळ, हे ठरवणारे निरोप सतत फिरत असतात. हेपरान सल्फेट त्यांना धरून ठेवते आणि मर्यादेत ठेवते.

ईएक्सटी जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतःच बिघडलेली असली, तरी दुसरी प्रत बरेचसे काम सांभाळते. पण वाढपट्टीच्या कडेच्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही निकामी झाली, तर त्या पेशीचे अंगणच उजाड होते. निरोप भलतीकडे सांडतात. कूर्चा सरळ वाढायचे सोडून बाजूला वाढू लागते, तिच्याखाली हाड तयार होते आणि उंचवटा दिसू लागतो. गुडघा, मनगट, खांदा आणि घोटा ही वाढीची मोठी ठिकाणे, म्हणून गाठीही तिथेच जास्त.

आई-वडिलांना पडणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या यंत्रणेतूनच मिळतात. गाठ वाढते ती मूल वाढत असेपर्यंत. वाढपट्ट्या बंद झाल्या, की गाठींची वाढही थांबायला हवी. दूध किंवा कॅल्शियम बंद करून गाठ थांबत नाही, उलट वाढत्या मुलाच्या हाडांचेच नुकसान होते. तेल लावून चोळल्याने किंवा हाडवैद्याकडून दाबून घेतल्याने ती विरत नाही. न दुखणारी, हालचाल न अडवणारी गाठ काढण्याची गरज नसते. नस किंवा रक्तवाहिनी दाबली जात असेल, सांधा अडत असेल, हात-पाय वाकत असतील किंवा पायांच्या लांबीत फरक पडत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

एक धोका मात्र लक्षात ठेवायलाच हवा. थोड्या रुग्णांत, म्हणजे शंभरात साधारण एक ते पाच जणांत, यातल्या एखाद्या गाठीचे पुढे कूर्चेच्या कर्करोगात रूपांतर होऊ शकते. ते बहुधा प्रौढ वयात घडते. म्हणून वाढीचे वय संपल्यावर जी गाठ पुन्हा वाढू लागते किंवा दुखू लागते, ती लगेच दाखवली पाहिजे. एमआरआयमध्ये गाठीवरच्या कूर्चेच्या टोपीची जाडी मोजतात. प्रौढांत ती दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर डॉक्टर सावध होतात.

इथे आणखी एका प्रश्नाचा खुलासा हवा. गुडघेदुखीसाठी दुकानात कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या मिळतात. याच साखळ्यांचा हा प्रकार असल्याने मुलाला त्या द्याव्यात का, असे काही जण विचारतात. त्यांचा इथे उपयोग नाही. पेशी आपल्या साखळ्या स्वतःच आतमध्ये ओवते, तोंडाने घेतलेल्या साखळ्या जशाच्या तशा जाऊन तिच्या अंगणात बसत नाहीत. प्रौढांच्या गुडघेदुखीतही, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत या गोळ्यांचा एकूण रुग्णांमध्ये ठळक फायदा दिसला नव्हता.

ब्रेक निकामी झाला तर

साखळी ओवण्यात चूक झाली तर काय होते, ते पाहिले. कधी चूक साखळीत नसते, ती जिला जोडली जाते त्या प्रथिनाच्या काठीत असते. ग्लिपिकन-३ हे त्याचे उदाहरण. हे प्रथिन गर्भावस्थेत हेजहॉगच्या निरोपाला स्वतःकडे ओढून घेते आणि वाढीला ब्रेक लावते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. ते बिघडले तर मुलगा गर्भातच जास्त वाढतो, जन्मतः मोठा असतो आणि नंतरही अंगाने मोठाच राहतो. जीभ मोठी, कधी जास्तीचे बोट, कधी हृदयात दोष आणि लहान वयात मूत्रपिंडाच्या गाठीचा वाढलेला धोका. या आजाराचे नाव सिम्पसन-गोलाबी-बेमेल सिंड्रोम. त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले.

जन्मानंतर निरोगी यकृतात ग्लिपिकन-३ जवळजवळ दिसत नाही. यकृताच्या पेशींचा कर्करोग झाला, की बहुसंख्य रुग्णांत ते पुन्हा उगवते. इथे ते ब्रेक लावत नाही, गाठीच्या वाढीला हातभारच लावते. एकच रेणू, पण जागा आणि वेळ बदलली की काम बदलते. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळांना याचा चांगला उपयोग होतो. यकृताच्या तुकड्यात ग्लिपिकन-३ चा रंग उमटला, तर गाठ कर्करोगाची असल्याच्या निदानाला बळ मिळते. या प्रथिनाला लक्ष्य करणाऱ्या उपचारांच्या चाचण्याही सुरू आहेत. तसेच रक्ताच्या ‘मल्टिपल मायलोमा’ या कर्करोगात दोषी पेशी ओळखण्यासाठी रोज वापरली जाणारी ‘सीडी-१३८’ ही खूण म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून सिंडेकन-१ आहे.

चोरालाही अंगणातूनच यावे लागते

ज्या साखळीला शरीराचे निरोप अडकतात, तिला विषाणूही अडकू शकतात. हर्पिसचा विषाणू पेशीला चिकटण्यासाठी हेपरान सल्फेटचा आधार घेतो, हे १९८९ मध्ये समजले. १९९७ मध्ये डेंग्यूच्या विषाणूबाबत तसेच आढळले. २०२० मध्ये करोना विषाणूच्या काट्यांबाबतही हे दिसले. आधी हेपरान सल्फेटला पकड आणि मग नेहमीच्या ग्राहकातून प्रवेश. शरीराने ही साखळी काढूनच का टाकली नाही, असा प्रश्न पडेल. तिच्याविना गर्भच घडत नाही. चोर येतात म्हणून कुणी अंगण खणून टाकत नाही.

हिवतापाचा परजीवी याहून चतुर. डास चावतो तेव्हा परजीवी आधी त्वचेत उतरतात. तिथल्या पेशींवरचे हेपरान सल्फेट कमी सल्फेटचे असते, त्यांना ते ओलांडून पुढे जातात. यकृतातल्या पेशींवर सल्फेटची दाटी असते. ती लागताच परजीवीला कळते, की मुक्कामाचे ठिकाण आले, आणि तो पेशीत शिरतो. साडीच्या काठावरून गाव ओळखावे, तसा तो अवयव ओळखतो.

गरोदर स्त्रीच्या वारेत आणखी निराळी सोय त्याला मिळते. वारेतल्या पेशींवर खास प्रकारचे कॉन्ड्रॉइटिन सल्फेट असते. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीने ग्रासलेल्या लाल रक्तपेशी तिला चिकटून वारेत साठून राहतात, हे १९९६ मध्ये दाखवण्यात आले. अशा वेळी बोटातून घेतलेल्या रक्तात परजीवी कमी दिसू शकतात आणि वारेत मात्र भरपूर असतात. आईला रक्तक्षय होतो, बाळ कमी वजनाचे जन्मते. पहिल्या गर्भारपणात धोका अधिक, कारण वारेला चिकटणाऱ्या या रूपाशी शरीराची तोवर गाठ पडलेली नसते. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त भागात गरोदरपणातल्या प्रत्येक तापाला रक्ततपासणी आणि मच्छरदाणी यांचा आग्रह का धरतात, याचे उत्तर या साखळीतही आहे.

डेंग्यू : ताप उतरला, आता धोका?

पावसाळ्याच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांमध्ये एक दृश्य वारंवार दिसते. डेंग्यूचा रुग्ण चार दिवस तापाने फणफणलेला. पाचव्या दिवशी ताप उतरतो. घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि त्याच दिवशी संध्याकाळी रुग्णाचे हात-पाय गार पडतात, नाडी क्षीण होते. ताप उतरल्यावर माणूस कसा खालावतो, हे नातेवाइकांना उमगत नाही.

याचे एक महत्त्वाचे कारण रक्तवाहिन्यांच्या आतल्या अंगणात आहे. रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिंडेकन आणि हेपरान सल्फेट असलेला दाट थर असतो. रक्तातले पाणी आणि प्रथिने बाहेर झिरपू नयेत म्हणून तो गाळणीसारखे काम करतो. डेंग्यूच्या निदानासाठी जी ‘एनएस-वन’ चाचणी करतात, ते एनएस-वन म्हणजे विषाणूनेच रक्तात सोडलेले प्रथिन. ते फक्त निदानापुरते नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील संशोधनात असे दिसले, की एनएस-वन अस्तराच्या पेशींमधली काही विकरे जागी करते आणि ती विकरे या थरातल्या साखळ्या कापू लागतात. थर विरळ होतो आणि गाळणी गळू लागते. तीव्र डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तात सुटून आलेल्या सिंडेकन-१ चे प्रमाण वाढलेले आढळते. रोगप्रतिकार यंत्रणेची प्रतिक्रियाही त्यात भर घालते. अस्तराचे असे नुकसान इतर जंतुसंसर्गाने होणाऱ्या सेप्सिसमध्येही होते.

रक्तद्रव गळण्याचा हा काळ साधारण ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. रक्तातले पाणी छातीत, पोटात झिरपते. रक्त घट्ट होते आणि रक्तदाब ढासळतो. म्हणून नातेवाईक प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात, तेव्हा डॉक्टर हिमॅटोक्रिट, नाडी, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण पाहत असतात. तीव्र डेंग्यूत जीव जाण्याचे मोठे कारण ही गळतीच असते. पपईच्या पानांचा रस पाजून प्लेटलेटचा आकडा वाढेल का, यावर घरात वाद घालत बसण्यात जाणारे तास महाग पडतात.

घरी लक्ष ठेवायच्या खुणा सोप्या आहेत. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंग गार पडणे, लघवी कमी होणे, रुग्ण सुस्त किंवा अस्वस्थ होणे. यातले एकही दिसले, तर ताप नसला तरी रुग्णालय गाठायला हवे. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारखी औषधे नकोत. आणि ‘एक बाटली चढवा’ म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात हट्ट धरू नये. अंगण पुन्हा सावरले, की बाहेर झिरपलेले पाणी रक्तात परत येते. तेव्हा आधीच जास्त सलाइन दिलेले असेल, तर ते फुप्फुसात साठून श्वास कोंडतो. म्हणूनच सलाइन मोजून आणि वेळ पाहून द्यायचे असते.

पुन्हा ओपीडीत

त्या दिवशी नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला डॉक्टरांनी हे सगळे सांगितले नाही, तेवढा वेळही नव्हता. त्यांनी कागदावर हाडाचे टोक काढले, वाढीची पट्टी दाखवली आणि एकच गोष्ट नीट समजावली. ‘‘हे कुणाच्या खाण्यापिण्याने झालेलं नाही, ताई. दूध आजपासून सुरू करा.’’

वर्षातून एकदा तपासणी, गरज पडली तरच एक्स-रे, गाठ दुखली किंवा मुंग्या आल्या तर लगेच यायचे, असे ठरले. वडिलांच्या मनगटाचाही एक्स-रे काढला गेला. त्यांची गाठ वाढत नव्हती. ‘‘पण पुढे कधी वाढली किंवा दुखू लागली, तर दुखत नाही तोवर थांबू नका,’’ असे त्यांना बजावले.

बाहेर पडताना आई दाराशी थांबली. ‘‘डॉक्टर, हिची धाकटी बहीण...’’ म्हणत तिने मुलाकडे पाहिले आणि हसून चूक सुधारली, ‘‘याची धाकटी बहीण पाच वर्षांची आहे. तिलाही आणू का?’’

‘‘आणा. येत्या सोमवारीच आणा,’’ डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी केसपेपरच्या कोपऱ्यात तशी नोंद केली.